डोंगराची अमानत

पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेल्या थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, तो शंभर वर्षे उलटून गेल्यावरही अभ्यासकांच्या मेजावरून हललेला नाही. परंतु त्या ग्रंथात गोदावरीचा नगरकडील काठ येतो आणि औरंगाबादकडील काठ येत नाही, कारण नगरकडच्या टोक्याला इंग्रजांचा अंमल होता आणि समोरच्या कायगावाला निजामाचा. दोन्ही तीरांवर तीच हवा, तोच काळा पाषाण आणि तेच गवत असताना एका तीरावरच्या गवताला शास्त्रीय नाव, वर्णन आणि वनस्पतिसंग्रहातील जागा मिळाली, व दुसऱ्या तीरावरचे गवत इलाख्याबाहेरचे म्हणून अनुल्लेखित राहिले. ही उणीव भरून निघण्यास पुढे नव्वद वर्षे लागली. मराठवाडा विद्यापीठातील प्रा. व्ही. एन. नाईक आणि त्यांचे सहकारी यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ 1998 साली आमच्या औरंगाबाद शहरातील अमृत प्रकाशनाने प्रसिद्ध केला, आणि या प्रदेशाच्या रानांची साकल्याने केलेली नोंद प्रथमच एका जागी उपलब्ध झाली. तोवर त्या रानांचा मोठा भाग नांगराखाली, कुऱ्हाडीखाली अथवा नाथसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेला होता. आणि उशिरा झालेल्या नोंदीचे दुःख हेच असते, की काय गमावले याचा हिशेबसुद्धा मग नीट मांडता येत नाही.

उरले आहे ते कोठे उरले आहे, हे पाहू गेल्यास महसूल दप्तराकडे वळावे लागते. सातबाऱ्यावर ज्या क्षेत्राची नोंद पोटखराबा म्हणून होते, म्हणजे ज्यातून सरकारला धारा मिळत नाही आणि कुणब्याला पीक मिळत नाही असे कातळाचे सडे, मुरमाड उतार, घळी आणि नाल्यांचे काठ, नेमक्या त्याच जागी आपल्या दुर्मीळ वनस्पती तग धरून आहेत. कारण नांगर तेथे कधी पोहोचलाच नाही. म्हैसमाळचे पठार, दौलताबाद आणि खुलताबादच्या टेकड्या, कन्नडपलीकडे 1986 साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि तेथून अजिंठ्याकडे सरकत गेलेली सातमाळ्याची रांग, हा सारा मुलूख वर्षातले आठ महिने उजाड दिसतो, आणि त्यामुळेच त्याच्याविषयी कोणाला ममत्व वाटत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर मात्र त्याच मुरमातून कंद जागे होतात, कळलावीचे वेल झुडपांवर चढतात, माकडशिंगाचे मांसल दांडे टवटवीत होतात आणि खरचुडीच्या नाजूक वेलीला तिची विलक्षण फुले येतात. नांगर जेथे पोहोचला नाही तेथे आता पोकलेन पोहोचला आहे. गौण खनिजाचे पट्टे, भूखंडांची आखणी आणि रस्त्यांसाठी लागणारा मुरूम यांनी शहराभोवतीच्या टेकड्यांच्या कडा कुरतडल्या आहेत. त्यात भर म्हणून उजाड दिसणारी प्रत्येक टेकडी झाडे लावून हिरवी केलीच पाहिजे, असा एक सद्हेतूचा आणि म्हणूनच अधिक दुर्निवार असा हट्ट आहे. गिरिपुष्पाची दाट रोपे ज्या गवताळ सड्यावर लावली जातात, त्या सड्यावरचे कंदवर्गीय वैभव त्या सावलीत थोड्याच वर्षांत गुदमरते. आणि आपण मात्र लावलेल्या झाडांचे आकडे जाहीर करून समाधान मानतो.

अशा वेळी असा प्रश्न साहजिकच पुढे येतो, की या वनस्पती त्यांच्या मूळ स्थानी टिकण्याची शाश्वती नसेल तर त्यांना तेथून आणून बागेत, रोपवाटिकेत, बीजकोशात किंवा प्रयोगशाळेच्या काचपात्रात सुरक्षित का ठेवू नये. ही कल्पना नवी नाही आणि ती चुकीचीही नाही. 1992 च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराने तिला स्वतंत्र कलम दिले. परंतु त्याच कलमात अशा परस्थानी संरक्षणाचे प्रयोजन मुख्यतः मूळ स्थानच्या संरक्षणाला पूरक होणे हे आहे, आणि ते शक्यतो वनस्पतीच्या स्वतःच्या देशातच व्हावे, अशा दोन मर्यादा घालून दिल्या आहेत. या दोन मर्यादा विसरल्या गेल्या की काय घडते, हाच माझ्या आजच्या लेखाचा विषय आहे. पूर्वी काशीयात्रेला निघालेला गृहस्थ आपले सोनेनाणे गावातल्या विश्वासू माणसाकडे अमानत म्हणून ठेवी. ठेवताना जिनसांची यादी होई, कोणाची वस्तू आणि किती वजनाची हे लिहिले जाई, आणि धनी परत आला की यादीबरहुकूम ती त्याच्या हाती पडे. बागेत आणून ठेवलेली दुर्मीळ वनस्पती ही डोंगराची अमानत आहे. तिची यादी हवी, तिचा धनी ठाऊक हवा आणि ती परत करण्याची नियत हवी. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे ठेव ठेवण्याचा उत्साह वाढतो आहे. यादीचा आणि परतफेडीचा मात्र पत्ता नाही.

शिंदळ माकुडीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोल डालझेल यांना ही वनस्पती जुन्नरच्या परिसरात आढळली, आणि 1860 च्या दशकात तिचे वर्णन करताना त्यांनी तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठेही उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या किल्ल्यांच्या आणि कड्यांच्या उभ्या कातळाला ती चिकटून असते. तिचे नातलग बहुधा निष्पर्ण, पण हिला पावसाळ्यात चांगली मांसल पाने फुटतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून नुसते दांडे लोंबत राहतात. फुले तांबूस मद्याच्या रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, पाच पाकळ्यांची, दिसायला इतकी देखणी की पाहणारा वाकून वास घ्यायला जातो आणि लगेच नाक मागे घेतो. कारण हा सगळा थाट माश्यांसाठी असतो आणि माश्यांना सडक्या मांसाची ओढ असते. शेळ्या, वणवे आणि कडे कोसळणे यांमुळे तिचे ठिकठिकाणाहून उच्चाटन होत गेले. पण या दुर्मीळ वनस्पतीचा एक गुण असा, की तिचा बोटभर दांडा तोडून मातीत खोचला तरी तो सहज जगतो. परिणामी आज युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या काचघरांत आणि टांगत्या कुंड्यांत शिंदळ माकुडी सुखेनैव नांदते आहे, आणि शिवनेरीच्या कड्यावर ती शोधायला मात्र दुर्बीण लागते.

मग ती वाचली असे म्हणावे काय? कुंड्या मोजल्या तर अवश्य म्हणता येईल. पण दांड्यापासून केलेले प्रत्येक रोप हे गुणसूत्रांच्या दृष्टीने मातृवनस्पतीच असते, तिची संतती नव्हे. एका दांड्यापासून हजार कुंड्या भरल्या तरी वनस्पती एकच राहते. पुरंदरच्या माकुडीत जे आहे ते सज्जनगडच्या माकुडीत असेलच असे नाही, आणि दोन्हींतले जे काही भिन्न आहे तेच उद्याच्या रोगराईत किंवा अवर्षणात उपयोगी पडायचे असते. कोणत्या कड्यावरून, कोणत्या साली, किती भिन्न वेलींपासून दांडे घेतले, याची नोंद नसलेली कुंडी शोभेची वस्तू म्हणून ठीक. संरक्षणाच्या हिशेबात तिची किंमत फारच थोडी. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ शिंदेवाडी येथे 1992 मध्ये स्थापन झालेल्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रासारख्या संस्थेने याच वनस्पतीची रोपे वाढवून ती पुन्हा रानात लावण्याचे जे काम केले, त्याचे महत्त्व म्हणूनच निराळे आहे. ठेव परत करण्याचा प्रयत्न तेथे झाला.

कंदीलपुष्पांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. खरचुडी, गायेल, पाताळतुंबडी अशा स्थानिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वेलींच्या महाराष्ट्रात वीसहून अधिक जाती सांगितल्या जातात, आणि त्यांतल्या कितीतरी एखाद्या डोंगरापुरत्या किंवा दोन-चार डोंगरांपुरत्याच मर्यादित आहेत; अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी जात तर एकविसाव्या शतकात वर्णिली गेली. फूल म्हणजे एक लांबट नळी, तळाशी फुगीर, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा. लहानशी माशी गंधाला भुलून आत शिरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्याने तिला परत फिरता येत नाही. रात्रभर ती तळाशी कोंडलेली राहते, तिच्या अंगाला परागांच्या गुठळ्या चिकटतात, आणि मग केस कोमेजून फूल सैल पडते व माशी सुटून दुसऱ्या फुलाच्या तशाच कैदेत जाऊन पडते. एवढा सूक्ष्म बंदोबस्त निसर्गाने ज्या माशीच्या भरवशावर केला, ती माशी कुंडीबरोबर बागेत येत नाही. वेल फुलते, छायाचित्रे निघतात, वर्तमानपत्रात बातमी येते. शेंगा मात्र धरत नाहीत. हाताने परागण करणे अत्यंत कौशल्याचे काम, आणि दोन जातींच्या कुंड्या शेजारी-शेजारी ठेवल्या व एखादी भलतीच माशी फिरकली, तर शुद्ध वंशाऐवजी संकर हाती येण्याचा धोका निराळाच.

दुसरी अडचण माळ्याची आहे, आणि ती मला शास्त्रीय अडचणीहून मोठी वाटते. हे कंद दिवाळीनंतर वेल वाळली की निद्रिस्त होतात. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत त्या कुंडीत वर काहीही दिसत नाही. आत जिवंत कंद असतो आणि त्याला त्या काळात पाणी नको असते. नव्याने कामावर आलेला, दुर्मीळ वनस्पती म्हणजे लाडाची वनस्पती असे समजणारा माणूस तिला रोज झारीने पाणी घालतो आणि कंद कुजवतो. किंवा कुंडी रिकामी समजून ती उपडी करतो आणि त्यात मोगरा लावतो. दोन्ही प्रकार सद्भावनेनेच होतात. जो माळी दहा-पंधरा वर्षे त्याच बागेत वावरला, त्यालाच कोणती कुंडी झोपली आहे आणि कोणती मेली आहे हे कळते. आणि आपल्या सार्वजनिक बागांतून अशा माळ्याची कायम जागा हळूहळू नाहीशी होऊन तिच्या ठिकाणी वर्षा-दोन वर्षांचे कंत्राट आले आहे. संचालक, शास्त्रज्ञ, सल्लागार यांच्या पदांची चर्चा होते. माळ्याच्या पदाची कोणी करीत नाही.

जगातल्या श्रीमंत बागांनाही या अडचणी चुकलेल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेत आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील न्गोये अरण्यात 1895 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मेडली वुड यांना सायकसच्या वर्गातील एका वनस्पतीचा एकच झुबका सापडला. त्याचे फुटवे काढून लंडनच्या क्यू उद्यानापासून अनेक बागांत ते वाढवले गेले, आजही ते वृक्ष डौलाने उभे आहेत, पण सारेच्या सारे नर आहेत. मादी वृक्ष आजतागायत कोणालाही सापडलेला नाही. आपल्याकडे साताऱ्याच्या पठारांवरील वायतुऱ्याची एक जात अशीच आहे, की तिच्यात नर आणि मादी रोपे वेगळी असतात. आणणाऱ्याने हे ध्यानात न घेता एकाच लिंगाची रोपे आणली तर बाग भरेल, वंश सरेल. ईस्टर बेटावरचा तोरोमिरो वृक्ष 1960 च्या सुमारास रानातून संपला. नॉर्वेचे संशोधक थोर हेयरडाल यांच्या मोहिमेने नेलेल्या थोड्या बियांपासून स्वीडनमधील गोटेनबर्गच्या बागेत त्याची रोपे वाढली, आणि मग ती बेटावर परत नेऊन लावण्याचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा असे दिसून आले, की झाड जपले गेले तरी त्याला सांभाळणारी माती मधल्या काळात बदलून गेली होती. परत करायला वस्तू आहे आणि घर उरलेले नाही, अशी ही अवस्था.

याउलट एक उदाहरण मनाला उभारी देणारे आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 2008 साली जगातील पिकांच्या बियांचा जो कोश उघडला गेला, त्यात सीरियातील अलेप्पोजवळच्या एका आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेने आपल्या गहू, जव, मसूर आदींच्या बियांची प्रत ठेवली होती. यादवी युद्धामुळे त्या संस्थेला आपल्या बीजसंग्रहापर्यंत पोहोचणे अशक्य झाले, तेव्हा 2015 मध्ये तिने स्वालबार्डमधून आपल्या पेट्या परत मागितल्या, लेबनॉन आणि मोरोक्को येथे ती बियाणी पेरून वाढवली, आणि 2017 मध्ये नव्या बियांची ठेव पुन्हा तेथे नेऊन ठेवली. यादी चोख होती, पेटीवर धन्याचे नाव होते, म्हणूनच हे शक्य झाले. अर्थात, पिकांच्या बिया पाच टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून शून्याखाली 18 अंशांवर ठेवल्या तर दशकानुदशके जगतात; आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया मात्र सुकवल्या की मरतात, आणि त्यांच्यासाठी जिवंत झाडांची बाग हाच मुख्य बीजकोश असतो. तेव्हा बर्फातला कोश आहे म्हणून बागा नकोत, असे म्हणण्याची सोय नाही.

महाराष्ट्रात बागांची परंपरा जुनी आहे. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 1828 मध्ये पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग स्थापन केली, डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ती नावारूपाला आणली आणि जुन्नरकडे हिवऱ्याला तिची शाखा चालवली. परंतु त्या बागांचे लक्ष परदेशातून आणलेल्या उपयुक्त पिकांवर आणि औषधींवर होते, इथल्या कड्यावरची निरुपयोगी दुर्मीळ वनस्पती जपणे हा त्यांचा हेतू नव्हता. ती दृष्टी आपल्या विद्यापीठांतून आली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांचा आणि सह्याद्रीतील इतर प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा जो संग्रह उभा केला, तो कोणालाही अभिमान वाटावा असा आहे. जोगच्या धबधब्याच्या तुषारांत 1919 मध्ये सेजविक आणि बेल यांनी गोळा केलेले हबार्डिया नावाचे एक इवलेसे गवत पुढे अनेक दशके कोणाच्या दृष्टीस पडले नाही. शरावतीचे पाणी विजेसाठी वळवल्यावर धबधब्याचे तुषारच आटले, आणि ते गवत नामशेष झाले असे जगाने लिहून टाकले. तेच गवत कोल्हापूरच्या अभ्यासकांना तिळारी घाटात सापडले, त्यांनी ते बागेत वाढवले आणि रानातील अनुरूप जागी पुन्हा लावण्याचे प्रयोग केले. बाग, प्रयोगशाळा आणि डोंगर या तिन्ही ठिकाणी त्याच माणसांची ये-जा असली म्हणजे काय साधते, याचा हा नमुना होय.

आता आपल्या शहराकडे येऊ. 1958 साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाचा परिसर लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला आहे. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे स्वतःचे उद्यान आहे, पाठीशी नाईकांच्या ग्रंथाची परंपरा आहे, आणि उद्यानाच्या कुंपणापासून थोड्या अंतरावर खरा डोंगर आहे. असा योग फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला येतो. दिल्ली दरवाजाजवळ मोगलकाळापासून चालत आलेली, सुमारे 300 एकरांची हिमायतबाग आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तेथे आहे, आणि फळझाडांचे मातृवृक्ष पिढ्यानपिढ्या सांभाळण्याची विद्या तेथील मातीत मुरलेली आहे. ज्या गावात मलिक अंबरने डोंगराचे पाणी नहरीने घरोघर आणले, त्या गावाला बाग राखणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. कोरडवाहू डोंगरातल्या या वनस्पतींना तर पाणीही फार लागत नाही; बेताने घातलेले पाणीच त्यांना मानवते.

मात्र येथे मला एक स्पष्ट मत नोंदवावयाचे आहे, आणि ते काही उत्साही मित्रांना रुचणार नाही. आपल्या बागेत कोकणातली, महाबळेश्वरातली आणि कासची नामांकित दुर्मिळे आणून लावण्याचा जो मोह होतो, तो आवरला पाहिजे. सहा-सात हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातले ऑर्किड सातशे मिलिमीटरच्या आणि बेचाळीस अंशांच्या गावात जाळीखाली तुषार मारून जगवणे म्हणजे त्याला आजारी अवस्थेत ठेवणे होय. प्रदर्शनासाठी ते ठीक, संरक्षण म्हणून नव्हे. कोल्हापूरने कोल्हापूरची ठेव सांभाळावी, सिंधुदुर्गाने सिंधुदुर्गाची, आणि आपण बालाघाट, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांची. यावर कोणी म्हणेल, की मराठवाड्यातल्या पुष्कळशा वनस्पती देशात इतरत्रही सापडतात, मग त्या दुर्मीळ कशा? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण 1972 चा दुष्काळ, 2012 ते 2016 मधील अवर्षणाची वर्षे आणि त्याआधीची शतकानुशतके सोसून जी सालई, जी खरचुडी किंवा जी माकडशिंग या डोंगरांवर टिकली, तिच्या अंगी जे काटकपण उतरले आहे ते ओल्या प्रदेशातल्या तिच्या भावंडांत असण्याचे कारण नाही. हवामान तापत चाललेल्या उद्याच्या महाराष्ट्राला हेच काटकपण हवे असणार. जागतिक यादीत धोक्याचा शिक्का नसलेली वनस्पतीही आपल्या जिल्ह्यातून संपत असेल, तर तिची जिल्ह्यापुरती ठेव करणे हे जिल्ह्याचेच काम आहे.

आणि ठेव करायची तर दप्तर आधी. प्रत्येक रोपाला क्रमांक, ते कोणत्या गावच्या शिवारातून आणि कोणत्या डोंगराच्या कोणत्या बाजूने आले, किती भिन्न झाडांपासून बी किंवा कंद घेतले, कोणी आणि केव्हा, मूळ जागी तेव्हा किती रोपे उरली होती, ही माहिती एका नोंदवहीत आणि तिची एक प्रत दुसऱ्या संस्थेत असलीच पाहिजे. या देशातले अनेक उत्तम संग्रह वादळाने किंवा वणव्याने नाहीसे झालेले नाहीत. ते एका प्राध्यापकाच्या निवृत्तीने नाहीसे झाले. तो असतो तोवर त्याच्या डोक्यात सारी यादी असते, शनिवार-रविवारी तो स्वतः पाणी घालतो, पदरच्या पैशाने कुंड्या आणतो. तो गेल्यावर चार पावसाळ्यांत पाट्यांवरची अक्षरे पुसली जातात आणि कोणती वेल कोणत्या डोंगराची हे सांगायला कोणी उरत नाही. एका माणसाच्या निष्ठेवर चालणारे काम हे त्या माणसाला भूषणावह आणि त्या संस्थेला लाजिरवाणे असते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या सांगितल्या आहेत. त्या नोंदवह्या आणि बागेची नोंदवही एकमेकींना जोडल्या, तर आणलेल्या कंदाचा धनी कोणते गाव हे निश्चित होईल आणि तो परत नेऊन लावताना राखणीला गावही उभे राहील. गुराख्याला आणि वैदूला जी घळ ठाऊक असते ती आम्हा ग्रंथपंडितांना ठाऊक नसते, ही गोष्ट तेथे उपयोगी पडेल.

संग्राहकांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. बोरिवलीच्या टेकड्यांवरून वर्णिली गेलेली आणि तेच नाव शास्त्रीय नावात वागवणारी सफेद मुसळी बाजारात चढ्या भावाने विकली जाऊ लागली, तेव्हा लागवडीपूर्वी पहिली धाड रानावर पडली. आज दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र नेमक्या ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकले की पुढच्या आठवड्यात तेथे खड्डे दिसतात. आणि खणणाऱ्यांत व्यापारी असतात तसेच, संरक्षणाच्या नावाने घरी कुंडी सजवू इच्छिणारे सुशिक्षितही असतात. परवानगीवाचून आणि नोंदीवाचून रानातून उचललेला कंद ही ठेव नव्हे, अपहार आहे, मग उचलणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

राज्य मंत्रिमंडळाने 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोश या प्रकल्पास मंजुरी दिली आणि त्यासाठी पाच वर्षांत 172 कोटी रुपयांहून अधिक खर्चाची तजवीज केली. गवताळ आणि झुडपी प्रदेशांची जैवविविधता हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे. मराठवाड्याच्या डोंगरांचा त्यावर हक्क आहे आणि तो मागितल्यावाचून मिळणार नाही. विद्यापीठ, कृषी विद्यापीठ आणि वनखाते यांनी एकत्र बसून या प्रदेशाच्या संकटग्रस्त वनस्पतींची एक यादी करावी, कंदांसाठी विद्यापीठाच्या उद्यानात आणि वृक्षांसाठी हिमायतबागेच्या एका कोपऱ्यात जागा मुक्रर करावी, दोन माळ्यांच्या कायम जागा मागाव्यात, आणि ज्या सड्यावरून कंद आणला तो सडा खाणपट्ट्यातून व वृक्षलागवडीतून वगळण्याची शिफारस त्याच अर्जात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. हे शेवटचे कलम सुटले तर बाकीचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. कारण बागेत प्रत ठेवली आहे म्हणून डोंगर विकायला हरकत नाही, असा अर्थ काढणारे लोक या शहरात आधीच पुष्कळ आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी हा अर्ज जावा, अशी तिन्ही संस्थांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे.